आबा खोटं बोलायचे का?

प्रिय चिनू,

रविवारी जेवताना तू विचारलंस, "आई, तुझे आबा खोटं बोलायचे का?" शाळेत तू आबांच्या, म्हणजे तुझ्या पणजोबांच्या, गोष्टीतल्या शरभाचं चित्र नेलं होतंस आणि कुणीतरी म्हणालं, असला प्राणी नसतोच. मी "आधी भात संपव" म्हणून विषय टाळला. तेव्हापासून ते मनात सलतंय. मराठीत लिहितेय, अडेल तिथे आजीला फोन कर.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा मे महिन्याची सुट्टी म्हणजे मुरुड. एक दिवस ठरलेला असायचा. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून आबा आम्हा सगळ्यांना जंजिऱ्याला न्यायचे. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. मनूमावशी दरवर्षी घाबरायची, की या वेळी तो नसलाच तर?

त्या दरवाज्यापाशी दगडात एक जनावर कोरलंय. अंग सिंहासारखं, पंजांत हत्ती धरलेले, शेपटीतही एक गुंडाळलेला. हत्ती अगदी मांजराच्या पिल्लांएवढे. आबा सांगायचे, "हा शरभ. ह्याला आठ पाय. चार खाली, चार पाठीवर. दमला की उलटा होतो आणि वरच्या पायांनी चालायला लागतो. आमच्या लहानपणी फणसाडच्या रानातून खाली यायचा." बंडूमामा बोट लावून मोजायचा, "आबा, इथे चारच आहेत." आबा शांतपणे म्हणायचे, "पाथरवटाचा दगड संपला."

आम्हाला ते पटायचं. दगडातच कोरलंय म्हटल्यावर खोटं कसं असेल?

आता खरी गोष्ट सांगते. एकदा रात्री पडवीत अंथरुणं घातली होती. आबा म्हणाले, रानात त्यांनी एक जनावर पाहिलंय. अंगभर माशासारखी खवलं, तोंडात एकही दात नाही, जीभ वीतभर, मुंग्या आणि वाळवी खातं. पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं. भ्यालं की त्याचा चेंडू होतो. आम्ही सगळे हसत सुटलो. "आबा, थापा!" सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले होते. आबा "बरं" म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

पुष्कळ वर्षांनी, एडिनबराला आल्यावर, एका मासिकात मी खवल्या मांजराचा फोटो पाहिला. शेपटीवर पिल्लू. ती खवलं आपल्या नखांसारख्याच पदार्थाची असतात आणि त्यांच्यासाठी माणसं या मुक्या जनावराला चोरून मारतात, असं खाली लिहिलं होतं. तेव्हा आबांना जाऊन चार वर्षं झाली होती. फोन करून "आबा, तुमचं खरं होतं" असं सांगायला कुणी उरलं नव्हतं.

म्हणून तुझा प्रश्न मला लागला. शरभ नव्हता, आणि खवल्या मांजर आहे. आबांनी दोन्ही एकाच आवाजात सांगितलं. असं करावं का, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. मीही तुला शरभ तसाच सांगितला. "ही गोष्ट आहे हं" एवढं म्हणायला हवं होतं का? कदाचित हवं होतं. वर्गात तू एकटा पडलास, ते मला नको होतं.

पण आपल्या हाय स्ट्रीटवर मर्कॅट क्रॉसच्या, त्या उंच दगडी खांबाच्या, टोकावर युनिकॉर्न बसलाय ना? तो तर स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी. घोडा आणि वर शिंग. त्याच्यावरून कुणाच्या पणजोबांना कुणी खोटं म्हणत नाही. हे लिहिताना मला थोडा राग आलाय, तो तुझ्यावर नाही. युनिकॉर्न तुला आवडतो, आवडू दे. शरभ आवडलाच पाहिजे असं मी म्हणत नाहीये. त्याचं चित्र मात्र फेकू नकोस. तू वरचे चार पाय फार छान काढलेस, मला ते कधीच जमले नव्हते.

डिसेंबरात मुरुडला जाऊ, तेव्हा तुला वाटलं तर होडीत बसू. पाय तूच मोज. बंडूमामा बरोबर असेल. आबा खोटं बोलायचे का, हे त्यालाही विचार. तो काय सांगतो ते मलाही ऐकायचंय.

तुझी,
आई