‘हुक’ची बाजू मांडताना

प्रिय,

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत दिग्दर्शक स्पीलबर्गचा ‘हुक’, म्हणजे मोठ्या झालेल्या पीटर पॅनची मुलं समुद्री चाचा हुक पळवतो तो चित्रपट, दाखवणार आणि नंतर दहा मिनिटं तू त्याची बाजू मांडणार, हे वाचून बरं वाटलं. मसुद्याची सुरुवात मात्र बदल. “समीक्षकांना मुलांचं मन कळत नाही” हे वाक्य आधी उडव. त्यानं समीक्षक खोटे पडत नाहीत, तू चिडलेली दिसतेस इतकंच. जगभरात तीस कोटी डॉलरच्या आसपास कमाई झाली, हेही नको. गल्ला म्हणजे बचाव नव्हे. आणि “लहानपणी फार आवडायचा” तर मुळीच नको. कारण तुझ्या लहानपणात असेल, तर त्यात स्पीलबर्गचं काय श्रेय?

आधी आरोप मांड, तेही समीक्षकांनी मान डोलवावी इतके नेमके. 1991 साली तीन गोष्टी जास्त खटकल्या: 140 मिनिटांवर गेलेली लांबी, भावुकपणा, आणि स्टुडिओत उभारलेलं दिसणारं, खोटं वाटणारं नेव्हरलँड, मुलं कधीच मोठी होत नाहीत तो काल्पनिक देश. खुद्द स्पीलबर्गही पुढे या चित्रपटावर फारसा खूश नव्हता. पहिले दोन आरोप बऱ्याच अंशी कबूल कर. मधला भाग रेंगाळतो. टिंकरबेल परीचं पीटरवरचं प्रेम कुठेच पोचत नाही. नेव्हरलँडच्या मुलांचा म्होरक्या रुफिओ मरतो आणि कथा दोन अश्रू ढाळून पुढे सटकते. एवढ्या कबुल्या पुरेत. आणखी दिल्यास तर बचावाला उरणार काय?

भांडायचं ते तिसऱ्या आरोपावर. पहिला प्रसंग नीट बघ: शाळेच्या रंगमंचावर मुलं ‘पीटर पॅन’ करतायत आणि प्रेक्षकांत बसलेला बाप, म्हणजे आपलं बालपण विसरलेला पीटरच, मोबाइलवर बोलतोय. जे. एम. बॅरी या लेखकाची ही गोष्ट रंगभूमीवर आली ती नाटक म्हणूनच, 1904 साली लंडनमध्ये. पुढचं नेव्हरलँड रंगमंचासारखं दिसतं, ते या सुरुवातीशी इमान राखून. गडकरी रंगायतनमध्ये ‘अलबत्या गलबत्या’ बघणाऱ्या पोराला चेटकिणीची रंगरंगोटी दिसत असते, तरी ते आईला बिलगतंच. ऑस्करच्या पाच नामांकनांत कलादिग्दर्शनाचंही होतं, हे सांगायचंच असेल तर इथे सांग. सुटं सांगितलंस तर प्रमाणपत्र काढून दाखवल्यासारखं होईल.

मग जेवणाचा प्रसंग घे. तो एकदा आवाज बंद करून बघ. भांडी येतात, मुलं तुटून पडतात, पानात काहीच नाही. पीटर वैतागतो. रुफिओशी शिव्यांची जुगलबंदी लागते, पीटर त्यात रंगतो, रिकामा चमचा भिरकावतो आणि रुफिओच्या तोंडावर रंगीत काहीतरी थपकन बसतं. म्हणजे जेवण दिसलं ते भूक लागली म्हणून नाही, तो खेळायला लागला म्हणून. ही शुद्ध भातुकली आहे, आणि बॅरीच्या कादंबरीतही ही मुलं असलीच खोटीखोटी जेवणं जेवतात. खोटं खरं मानण्याची ताकद हाच ज्या चित्रपटाचा विषय, त्याला सेट खोटा म्हणून नापास कसं करायचं? तुझ्या दहापैकी चार मिनिटं इथे जाऊ देत.

उरलेला वेळ हुकला दे. डस्टिन हॉफमनच्या मिशा आणि नखरे बघून हसायला येतं, पण त्याचा डाव बघ. तो पीटरच्या मुलांना मारत नाही, पळवून त्यांचा बाप बनू पाहतो. आईवडील मुलांचा द्वेष का करतात, याचा चक्क वर्ग घेतो. बापानं मुलाचा, जॅकचा, बेसबॉलचा सामना बुडवलेला, म्हणून हुक चाच्यांना जमवून त्याच्यासाठी सामना भरवतो. जॅककडून बापाचं घड्याळ फोडून घेतो. घड्याळ गिळलेल्या मगरीच्या टिकटिकीला घाबरणाऱ्या माणसाच्या हाती मुलानं बापाचा वेळ ठेचायला द्यावा, हे पटकथेतलं सगळ्यात हुशार काम आहे. पहिल्या नाट्यप्रयोगात मुलांचे वडील आणि हुक या दोन्ही भूमिका जेराल्ड द्यु मॉरिए या एकाच नटानं केल्या होत्या, तेही इथेच सांग. समोर बसलेल्यांत रोज रात्री नऊच्या लोकलनं ठाण्यात उतरणारे बाप असतीलच. त्यांच्याकडे बोट दाखवू नकोस, त्यांचं त्यांना कळतं.

जॉन विल्यम्सच्या संगीतावर एखादं वाक्य पुरे. ते आवडत नाही असं म्हणणारा सहसा भेटत नाही, मग बचाव कुणासाठी करायचा?

“मग वाईट चित्रपट कुठला?” हा प्रश्न नक्की येईल. उत्तर तयार ठेव, पण दुसऱ्या चित्रपटाला झोडपून याला उंच करू नकोस. बोलण्याचा मजकूर हजार शब्दांच्या वर नेऊ नकोस आणि घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघ; मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमी भरतो. खेळ संध्याकाळी सातला ठेवलाय, तो साडेपाचला आण. नाहीतर संपेपर्यंत साडेनऊ होतील, लहानगी पेंगतील, आयांना स्वयंपाकाची घाई होईल आणि तू रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलशील.

सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका