जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून फायदा होतो का?

बहुतेक वेळा नाही. आधी प्रोसेसरच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटची अक्षरं बघा. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत ‘एम’ किंवा ‘एमक्यू’ असेल तर चिप (म्हणजे प्रोसेसर) बहुधा सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खाचेत असते, बदलता येते. ‘यू’ किंवा ‘एचक्यू’ म्हणजे मदरबोर्डावर सोल्डर केलेली, डाग देऊन कायमची जोडलेली. तो विषय सोडा. पाचव्या पिढीपासून तर इंटेलच्या लॅपटॉप चिपा सोल्डरच येतात.

सॉकेट असला तरी वॅट, म्हणजे चिप किती उष्णता टाकते तो आकडा, जुळवा. आय५-४२००एम ३७ वॅटचा, त्याजागी ३७ वॅटचाच आय७-४७०२एमक्यू घ्यावा. ४७ वॅटचा ४७००एमक्यू छोट्या हीटसिंकवर (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागावर) तापतो आणि वेग आपोआप उतरवतो, म्हणजे खर्च पाण्यात. बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) त्या चिपचा सपोर्ट नसेल तर मशीन सुरूच होणार नाही. चिप आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावा.

हार्ड डिस्क अजून फिरतीच असेल तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका; फरक लगेच जाणवेल.