नोटीस फ्लास्कची, भानगड पिंपाची

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात: ताई इथे बडोद्यातच केमिस्ट्रीत पीएचडी करतायत, एका कंपनीच्या पेटंटेड प्रोसेसमध्ये स्वतःचा कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) घालून बघतायत, कॉन्फरन्समध्ये पोस्टर लावलं आणि पंधरा दिवसांत कंपनीच्या वकिलाची नोटीस, काम थांबवा नाहीतर नुकसानभरपाई द्या. गाईड म्हणतात विषयच बदल.

विषय अजिबात बदलू नका. पेटंट कायदा १९७०, कलम ४७, पोटकलम ३ काढून वाचा. पेटंट देतानाच ही अट घातलेली असते की निव्वळ प्रयोग किंवा संशोधनासाठी, विद्यार्थ्यांना शिकवायलासुद्धा, कोणीही ती प्रोसेस वापरू शकतं. पेटंटची वीस वर्षं हातच लावायचा नाही म्हटलं तर त्यात सुधारणा कोण आणि कधी करणार, म्हणून ही सोय. अमेरिकेत मात्र २००२ च्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये कोर्टाने म्हटलं की संशोधन हाच युनिव्हर्सिटीचा धंदा, म्हणून नुसतं संशोधन म्हणून सूट मिळत नाही, त्यामुळे तिथे पोस्टडॉकला गेलात तर हा भरवसा धरू नका.

पण ताई, खरी गोष्ट तुम्ही मेसेजच्या शेवटच्या ओळीत टाकलीत! मामांच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) युनिटला तुम्ही १२ किलो माल करून दिला, "फक्त मटेरियलचे पैसे घेतले", आणि मामांनी तो पुढे गिऱ्हाईकाला दिला. कलमात "निव्वळ" हा शब्द आहे ना, तो इथे आडवा येतो, आणि त्यात बनवणं-वापरणं आहे, विकणं नाही. नफा नव्हता हा बचाव फार टिकत नाही.

विक्रीला सूट आहे ती कलम १०७अ मध्ये, पण ती सरकारी मंजुरीसाठी डेटा तयार करायचा असेल तरच. आपल्याच बडोद्याची औषध कंपनी अलेंबिक यावर बायर या जर्मन कंपनीशी लढली आणि एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की त्यासाठी एक्स्पोर्टही चालतो, मात्र हेतू खरंच तोच आहे का ते प्रत्येक केसमध्ये तपासायचं. मामांच्या गिऱ्हाईकाला अशा मंजुरीसाठी माल हवा होता का? असेल तर तसं पत्र शोधा. नसेल तर नसेल, मागची तारीख टाकून बनवू नका, बिलंही फाडू नका.

आता नोटीस. पेटंट नंबर मागा आणि तो भारतातलाच आहे का, रिन्युअल फी भरलीय का ते पेटंट ऑफिसच्या साइटवर स्वतः बघा, कारण फक्त परदेशातलं पेटंट असेल तर इथे ते चालत नाही आणि फी थकून पेटंट लॅप्स झालं असेल तर नोटिशीतला बराचसा दम संपला. उत्तर दोन ओळींचं द्या, काम ४७(३) खालचं संशोधन आहे एवढंच. मामांचं नाव स्वतःहून काढू नका, पण विचारलं तर खोटंही बोलू नका. आणि मामांना आजच फोन करा, पुढचा लॉट बंद.

एक राहिलं: पोस्टरवर तुमच्या कॅटॅलिस्टचं कम्पोझिशन छापलंत का? छापलं असेल तर तुमच्या स्वतःच्या पेटंटचा नवेपणा धोक्यात आलाय. विद्वत्संस्थेपुढे पेपर वाचला असेल तर कलम ३१ खाली १२ महिन्यांत अर्ज करता येतो, पण पोस्टर त्यात बसेलच असं धरून चालू नका. शनिवारी दांडिया बाजारच्या ऑफिसात या, पोस्टरची पीडीएफ आणि लॅबची वही घेऊन, तारखा असलेली.