शहरात लोकांना सोबत घेऊन स्थानिक अन्नव्यवस्था उभी करायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा घरं तयार आहेत, एक मोकळी जागा मिळण्यासारखी आहे, शहराजवळचे दोन शेतकरीही ओळखीचे आहेत. तर आधी वाफे घालावेत का? माझं म्हणणं, थोडं थांबा. आधी माल नेणारी घरं पक्की करा.

मी अशाच एका गटात वाटपाचं काम बघते. पहिल्या हंगामात आमची घरं 'जमलं तर येऊ' म्हणणारी होती. एकदा संध्याकाळी सात वाजता निम्मे क्रेट तसेच पडून होते. वरची पानं मलूल झालेली, तळाची देठापाशी काळी पडायला लागलेली, आणि पहाटे उठून तो माल काढणारा शेतकरी शेजारी गप्प उभा. ते मला अजून खुपतं. पुढच्या हंगामापासून आम्ही पैसे आगाऊ घेतो आणि स्पष्ट सांगतो की पीक कमी आलं तर वाटाही कमी येईल. काही घरं गळाली, पण राहिली ती टिकली.

जपानमध्ये १९७० च्या दशकात कीटकनाशकांच्या धास्तीने शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असेच थेट करार केले. त्याला 'तेइकेइ' म्हणतात. ठरवून पिकवलेला माल घरांनी उचलायचाच, हा त्यातला कणा.

नगरपालिकेला टाळू नका. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने १९९३ मध्ये अन्नासाठी वेगळा विभागच काढला. विक्रेत्यांना मोक्याच्या जागा दिल्या; बदल्यात काही जिन्नस पालिकेने ठरवलेल्या दरात विकायचे आणि गरीब वस्त्यांतही जायचं. परवानगीच्या बदल्यात काय देता येईल, ते तुम्हीही आधीच ठरवून जा.

जागेचं मात्र लेखीच हवं. लॉस एंजेलिसमध्ये शेकडो कुटुंबं मिळून सुमारे १४ एकरांवर भाजीपाला पिकवत होती. मालकीच्या वादात २००६ मध्ये त्यांना बाहेर काढून बाग बुलडोझरने उखडली. वर्षानुवर्षं कसलेली माती होती ती! जागा जुन्या बांधकामाची असेल तर मातीतलं शिसंही तपासून घ्या.

तूर्त त्या दहा-बारा घरांना एवढंच विचारा: तीन महिन्यांचे पैसे आधी द्याल का? किती जण हो म्हणाले ते कळवा, मग दोन्ही शेतकऱ्यांशी किती मालाचं बोलायचं ते बघू.