‘येतं त्याला सगळं, पण निष्काळजी आहे’

दुसरी-तिसरीतल्या मुलांचे आईवडील समोर बसले की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. ‘मॅडम, येतं हो त्याला सगळं. पण निष्काळजी आहे.’ पाठोपाठ वही पुढे सरकते. लाल शाईच्या फुल्या, खाली बाईंचा शेरा : ‘सराव घ्यावा.’ आणि सराव घेतलेला असतोच. रोज वीस-वीस गणितं, रडारड, खोडरबराने फाटलेली पानं.

या वाक्याशी माझं जमत नाही, हे आधीच सांगते. निष्काळजी मूल वाटेल तशी चूक करेल. वहीत मात्र वाटेल तशा चुका फार कमी सापडतात. बहुतेक चुका अगदी नेमाने केलेल्या असतात. मुलाच्या डोक्यात एक नियम असतो, तो ते इमानेइतबारे पाळत असतं, आणि नियमच अर्धवट असतो. तो ओळखण्याआधी दिलेला सराव म्हणजे तोच नियम आणखी घोटून घेणं.

एका मुलाचं सांगते. त्याला इथे चिन्या म्हणू. घरचे तपशील बदलले आहेत. तिसरी, मराठी शाळा. बोलका, कॅरममध्ये मोठ्यांना हरवणारा. गणिताच्या तासाला पोट दुखायला लागलं, म्हणून आईवडील आले होते. सोबत आजोबाही होते, कारण घरी गणित तेच घ्यायचे.

‘शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो,’ आजोबा म्हणाले. ‘आणि श्रुतलेखनाला अंक सांगितले की गोंधळ. आता याला काय म्हणायचं?’

मी महिन्याभराची वही मागून घेतली. प्रत्येक चुकलेलं गणित एकेका चिठ्ठीवर उतरवलं आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. हे कुणालाही घरी करता येतं, अर्धा तास लागतो, आणि माझ्या मते वर्षभराच्या शिकवणीपेक्षा तो अर्धा तास जास्त कामाचा. चिन्याच्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग झाले.

पहिल्या ढिगात श्रुतलेखन. एकोणतीस सांगितलं, लिहिलं ३९. एकोणसाठचे ६९. एकोणऐंशीचे ८९. एकदा त्रेपन्नचे ३५. दुसऱ्या ढिगात ५२ − २७ = ३५, ६१ − ३८ = ३७, ४० − १६ = ३६. तिसऱ्यात ७३ − ४८ = १५, ८४ − ३९ = ३५.

‘म्हणजे सगळंच चुकतंय,’ बाबा म्हणाले.

‘नाही. तीनच गोष्टी चुकताहेत.’

दुसरा ढीग सगळ्यात सोपा होता. मी चिन्याला विचारलं, ‘५२ वजा २७ कसं केलंस, मला सांगत सांगत कर.’ चूक की बरोबर हे मी बोलले नाही. ते बोललं की मूल लगेच खोडायला लागतं आणि वाट बुजते.

‘दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन घेतले. पाच.’

‘असं का?’

‘मोठ्यातून लहान जातो ना!’

पहिलीपासून ऐकलेलं वाक्य आहे ते : मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. ते अख्ख्या संख्येबद्दल आहे. चिन्याने ते प्रत्येक अंकाला लावलं. आज्ञाधारक मुलं ही चूक जास्त करतात, असं मला वाटत आलं आहे.

तिसऱ्या ढिगातली उत्तरं बारकाईने पाहा. प्रत्येक उत्तर बरोबर १० ने कमी आहे. ७३ − ४८ चं खरं उत्तर २५, आलं १५. ८४ − ३९ चं ४५, आलं ३५. इतकी शिस्तबद्ध चूक आपोआप होत नाही. मी आजोबांना म्हटलं, ‘तुम्ही हे कसं सोडवता?’

‘तेरातून आठ गेले, पाच. हातचा एक. चार आणि एक पाच. सातातून पाच गेले, दोन. पंचवीस.’

आणि शाळेत? शाळेत दशक सुटा करतात. वरच्या सातातला एक दशक सोडायचा, सात खोडून सहा लिहायचे, एककाच्या घरात तेरा. मग सहातून चार, दोन. आजोबांच्या पद्धतीत वरच्याला दहा सुटे दिले म्हणून खालच्यालाही एक दशक देतात. दोन्हीकडे सारखंच वाढलं, फरक तोच राहिला. दोन्ही पद्धती पक्क्या. चिन्या मात्र दोघांचंही ऐकत होता. वरचे सात बाईंसाठी सहा केले, खालचे चार आजोबांसाठी पाच केले. सहातून पाच, एक.

‘पण माझी पद्धत बरोबर आहे,’ आजोबा जरा दुखावून म्हणाले.

‘अगदी बरोबर आहे, आजोबा. एका गणितात दोन नकोत, एवढंच.’

आजोबांनी वर्षभर हातचा बाजूला ठेवायचं कबूल केलं. चाळीस वर्षं बँकेत आकडेमोड केलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं. तिसरा ढीग औषध न देताच आठवड्यात आटोपला.

पहिला ढीग जास्त खोल आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक मराठी घरात असतो.

आपण संख्या बोलतो एका बाजूने आणि लिहितो दुसऱ्या बाजूने. त्रेपन्न म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास. लिहायचे मात्र आधी पाच. जर्मन मुलांच्याही वाट्याला हेच येतं. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी बोलतात, तिथे हा अडसर नाही. त्यात आपली नावं रूप बदलतात. एकच ‘तीन’ बघा : तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. साठचे सष्ट होतात, सत्तरचे हत्तर, नव्वदचे ण्णव. उजळणी क्रमाने म्हणताना हे काही जाणवत नाही, कारण मूल एक लय म्हणत असतं, गाण्यासारखी. मधूनच ‘त्रेसष्ट’ विचारलं की गाण्याचा आधार सुटतो. म्हणून ‘घडाघडा म्हणतो’ हा पुरावा मी धरत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, किती विनोद फिरले, आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्या बदलाची बाजू मांडली होती. भाषेची काळजी खरी होती, नाकारत नाही. पण अडचणही खरी होती. ती मुलांना रोज येते, आपण मोठे झालो म्हणून विसरलो. मी दोन्ही नावं वापरते. त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन, असं जोडीने. महिन्याभरात दुसरं नाव आपोआप गळून पडतं आणि त्रेसष्ट शाबूत राहतं. (सेमी इंग्रजीच्या मुलांचं तिसरंच : वर्गात सिक्स्टी थ्री, घरी त्रेसष्ट. त्यांनाही हीच जोडी लागू पडते.)

आता एकोण. एकोणतीस ऐकलं की कानात ‘तीस’ वाजतं. चिन्या तीसचे ३ लिहायचा, आणि शेवटी ९ असतात हे त्याला ठाऊक होतंच. झाले ३९. दहा वेळा लिहून घेतलं, तरी पुढच्या आठवड्यात एकोणसाठचे ६९.

मी त्याला गणितमाळ दिली. १०० मणी, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल अशी ओवलेली. तीसवर कपड्यांचा चिमटा लावायला सांगितला, लावला. एकोणतीसवर लावायला सांगितलं तर त्याचा हात तीसच्या पुढे गेला. मी बोलले नाही. थोड्या वेळाने विचारलं, ‘तुझी शाळेची रिक्षा किती वाजता येते?’

‘पावणेसातला.’

‘तेव्हा सात वाजलेले असतात?’

‘नाही! सात वाजायचे असतात.’ माझ्या अज्ञानाची कीव आली असावी. ‘सहा वाजून पंचेचाळीस.’

‘नाव तर सातचं घेतोस.’

‘पण सात झालेले नसतात ना. कमी असतात.’

मग तो गप्प झाला. चिमटा हातात तसाच. माळेकडे बघत राहिला, आणि मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. अशा वेळी मोठ्या माणसाच्या तोंडून मदत बाहेर पडायला बघते; ती दाताखाली धरून ठेवावी. मिनिटभराने त्याने चिमटा तीसच्या एक मणी अलीकडे लावला.

‘एकोणतीसला तीस झालेलेच नसतात,’ तो म्हणाला. ‘अजून विसाच्या घरातच आहे तो.’

आई काहीतरी म्हणणार होती, मी हाताने थांबवलं. त्याने स्वतःच एकोणसाठ, एकोणऐंशी लावून पाहिले. दर वेळी आधी पुढच्या दशकावर बोट, मग एक मणी मागे.

‘ऊन’ म्हणजे कमी. एक कमी तीस, ते एकोणतीस. पावणेमधल्या पाऊणमध्येही तोच ऊन लपलेला आहे : पाव कमी. ही व्युत्पत्ती मी मुलांना सांगत नाही. पण जी गोष्ट मुलाच्या रोजच्या सकाळीत आधीच आहे, ती शोधून तिथून पूल टाकायचा, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. नवीन सांगून जे होत नाही, ते असलेलं हाताशी आणून होतं.

मग वजाबाकी. यासाठी लागतात १०० काड्या आणि १० रबरबँड. आइस्क्रीमच्या काड्या चालतील, खराट्याच्या बोटभर कापलेल्याही. दहा-दहांचे गठ्ठे मुलानेच बांधायचे. आयते गठ्ठे दिले की त्याच्या लेखी ती ‘एक’ वस्तू होते, आतले दहा दिसत नाहीत. एखाद्या गठ्ठ्यात नऊ निघाल्या तर निघू द्या, पुढे गणित अडलं की तोच शोधून काढतो.

५२ − २७ साठी फक्त ५२ मांडा : पाच गठ्ठे, दोन सुट्या. इथे बहुतेक घरी पहिली गडबड होते, २७ सुद्धा मांडतात. मग समोर ७९ काड्या होतात आणि मूल बावचळतं. सत्तावीस त्या बावन्नातूनच द्यायच्या आहेत.

‘सात दे.’ त्याच्याकडे सुट्या दोनच. थांबा. ‘गठ्ठा सोड’ हे तुम्ही म्हणायचं नाही. तो रबरबँड मुलाने स्वतः काढणं हीच सगळी वजाबाकी आहे. काढला की लगेच विचारा, ‘आता सगळ्या मिळून किती?’ चार गठ्ठे आणि बारा सुट्या. काही मुलं ‘चारशे बारा’ म्हणतात, काही पुन्हा एकपासून मोजतात. मोजू द्या. ५२ च आहेत, काही कमी झालं नाही, हे पटल्याशिवाय पाच खोडून चार लिहिण्याला अर्थ नाही. मग सात द्या, उरल्या पाच. दोन गठ्ठे द्या, उरले दोन. पंचवीस.

पहिले चार दिवस नुसत्या काड्या, पेन्सिल नाही. पुढचे चार दिवस प्रत्येक कृतीबरोबर लिहिणं : रबरबँड काढला की पाच खोडा, चार लिहा, दोनाच्या जागी बारा. त्यानंतर काड्या रुमालाखाली झाकून लिहिणं, अडला तर रुमाल उचलायचा. दिवसाला चार गणितं. वीस नाहीत. ४० − १६ सारखी शून्याची दोन दिवस थांबून, कारण तिथे सुटं काहीच नसतं आणि मुलं ‘शून्यातून जात नाही’ म्हणून सोडून देतात. काड्यांचा कंटाळा आला तर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या.

श्रुतलेखनासाठी पुठ्ठ्याची १८ कार्डं कापा. १० ते ९० ची नऊ लांब, १ ते ९ ची नऊ अर्ध्या लांबीची. त्रेपन्न ऐकलं की आधी ५० शोधायचं, मग त्याच्या शून्यावर ३ ठेवायचं, मग लिहायचं. रोज सहा संख्या, त्यातली एक तरी एकोणची, आणि क्रमाने कधीच नाहीत. पुढे शंभराची नऊ कार्डं वाढवली की एकशे पाचचे १००५ लिहिणारी मुलंही त्यातच सावरतात.

बाईंना मी दोनच विनंत्या केल्या. संख्या दोनदा सांगून मनात पाच मोजेपर्यंत पुढची सांगू नये. आणि चुकलेलं खोडायला लावू नये, शेजारी नव्याने लिहू द्यावं. चाळीस मुलांच्या वर्गात याहून जास्त मागणं बरं नाही.

सहा-आठ आठवडे हे नेटाने करूनही काड्या मोजण्यातच घोटाळा राहिला, किंवा वाचनही तितकंच अडत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेची तपासणी. चिन्याला त्याची गरज पडली नाही. पाचव्या आठवड्यात पोट दुखायचं थांबलं होतं. ९१ − ४६ तो रुमाल न उचलता करत होता.

शेवटच्या भेटीला आजोबाही आले होते. आम्ही बोलत होतो आणि चिन्या माळेवर चिमटा सरकवत एकटाच पुटपुटत होता. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. मग थांबला.

‘आजोबा, नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?’

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांकडे.

‘म्हणायला पाहिजे,’ चिन्या म्हणाला, आणि चिमटा शंभरच्या एक मणी अलीकडे लावला.