ट्रॉल्या राहू देत, आधी जेवायचं कुठे ते ठरवा

प्रश्न : ताई, डोंबिवलीत आमचा जुना वन बीएचके आहे. किचन १० बाय ८ फूट, त्यातच जेवायचं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मध्ये चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल आहे, एक बाजू भिंतीला टेकवलेली, त्यामुळे चौथ्या खुर्चीवर कायम कपडे, आणि फ्रिज उघडायचा तर कुणालातरी ताट घेऊन उठावं लागतं. काळ्या कडप्प्याचा ओटा, पांढऱ्या टाइल्स, वरची भिंत तेलकट होऊन पिवळी पडलीय. ट्रॉलीवाल्याने १ लाख १० हजार सांगितले, आमच्याकडे ५० हजार आहेत. उरलेले हप्त्याने भरून ट्रॉल्या करून टाकाव्यात का? सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही.
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : हप्त्याने अजिबात नको. तुमचं पत्र दोनदा वाचलं, त्यात भांडी ठेवायला जागा नाही अशी एकही तक्रार नाहीये, सगळी तक्रार टेबलाची आहे. उद्या चकाचक ट्रॉल्या आल्या तरी फ्रिज उघडताना कुणीतरी ताट घेऊन उठणारच ना!

तेव्हा आधी ते टेबल विका आणि फ्रिज हॉलमध्ये न्या. लोक काय म्हणतील वगैरे सोडा, मुंबईकडे निम्म्या घरांत फ्रिज हॉलमध्येच असतो, फक्त तिथे अर्थिंग असलेला प्लग आहे ना ते बघून घ्या. मग ओट्यासमोरची पूर्ण १० फुटी भिंत मोकळी मिळते. तिथे सुताराकडून ५ फूट लांब, २ फूट रुंद फळी फोल्डिंग ब्रॅकेटवर लावून घ्या, जमिनीपासून ३० इंचांवर. एका माणसाला ऐसपैस जेवायला साधारण दोन फूट लागतात, म्हणजे दोन टोकांना दोघं, समोरून दोघं आरामात आणि मुलं लहान असतील तर तिसरंही समोर मावतं. ओटा २ फुटांचा धरला तर फळी उघडल्यावर मध्ये चार फूट उरतात, त्यात स्टूल ठेवून मागून वाढणाऱ्याला जेमतेम जाता येतं. जेवण झालं की फळी खाली पाडायची, स्टुलं एकात एक घालून कोपऱ्यात. सासूबाईंना मात्र स्टूल नको, पाठ आणि हात असलेली खुर्ची द्या आणि दाराकडचं टोक त्यांचं. आणि हो, पाच जागा सांगितल्यात त्या पाच माणसांसाठी, तुम्ही उभ्याने वाढत राहणार आणि शेवटी ओट्याशी जेवणार असाल तर मग चार फुटी फळीत काम झालं असतं.

प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघूनच घ्या, हा वॉटरप्रूफ ग्रेडचा असतो, जाडी १९ एमएम, वर लॅमिनेट आणि कडांना पट्टी नीट चिकटवलेली हवी कारण पाणी नेहमी कडेनेच आत शिरतं. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो पण रोज ओल्या फडक्याने पुसायच्या जागी तो फुगतो. भोकं पाडायच्या आधी भिंत ठोकून बघायला सांगा, जुन्या बिल्डिंगमध्ये प्लास्टर पोकळ झालेलं असतं, तिथे फळी माणसांसकट खाली यायची.

ओटा ठेवा. कडप्पा छान टिकतो, फक्त तो चुनखडीचा दगड, लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की पांढरट डाग पडतात म्हणून लगेच पुसायचं आणि टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड त्याच्या जवळपास न्यायचं नाही. ओट्याखाली कडप्प्याचेच कप्पे असतील तर नुसती अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची शटरं लावून घ्या, ट्रॉल्यांच्या मानाने खूपच कमी पैशात तोंड बंद होतं. सिलेंडरच्या खणाला मात्र खाली जाळी पाहिजेच पाहिजे. गॅस हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर तळाशी साठतो. आणि रबरी नळी पाच वर्षांची झाली असेल तर ह्याच कामात बदलून टाका.

रंगाचं सांगते, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. तेलकट भिंतीवर थेट रंग मारला की तो पापुद्र्यासारखा सुटतो, पेंटर म्हणेल चालतंय मॅडम, पण नाही चालत. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून भिंत घासायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपर, प्रायमर, मग धुता येणारं इमल्शन. भिंतीला ओल असेल तर आधी ओलीचं कारण शोधा, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपत असेल तर कितीही रंग लावा, पावसाळ्यात पुन्हा फुगणार. टाइल्स फोडू नका, मधल्या काळ्या रेघा खरवडून तिथे इपॉक्सी ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटीत भरायचा पक्का मसाला, भरून घ्या, अर्ध्या टाइल्स तेवढ्यानेच नव्या दिसतात.

लाइट! ट्यूब मागच्या भिंतीवर असेल तर चिरताना आपलीच सावली पाटावर पडते, त्यामुळे ओट्याच्या वर भांड्यांची फळी असते तिच्या खाली एक एलईडी पट्टी लावा, ४००० केल्विनची (हा आकडा उजेडाच्या रंगाचा, जितका कमी तितका पिवळा), आणि जेवायच्या जागी ३००० चा पिवळसर दिवा. ९ इंची एक्झॉस्ट फॅन नसेल तर तो चिमणीच्या आधी घ्या.

कामाचा क्रम इलेक्ट्रिशियन, मग भिंती, मग शटरं, फळी सगळ्यात शेवटी. मजुरी आणि मटेरियल वेगवेगळं लिहून घ्या, आणि पाचेक हजार बाजूला ठेवा, जुन्या घरात भिंत उघडली की काहीतरी निघतंच.

प्रश्न : पुण्यात भाड्याने राहतो, घरमालक एक खिळाही ठोकू देत नाहीत. किचनमध्ये दोघांपुरतं काही बसेल का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : दोघांना ३ बाय २ फुटांचं पाय दुमडणारं टेबल पुरतं. नवं घ्यायच्या आधी बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक चक्कर मारा, पण टेबल उलटं करून पाय आणि बिजागऱ्या बघून घ्या, वाळवीची भोकं दिसली तर सरळ पुढे चालू लागा. भांड्यांना लोखंडी उभा रॅक, खिळ्याची गरजच नाही. हल्ली ते चिकटवायचे टाइल्सचे स्टिकर मिळतात ते शेगडीच्या मागे लावू नका, उष्णतेने सुटतात आणि घर सोडताना त्यांचा डिंक घासत बसावं लागतं, डिपॉझिट कापायला मालकांना आयतं कारण.