सही कुणाची घेतली? रुग्णहक्कांबद्दल वाचकांचे प्रश्न

रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून जे रोज टेबलापाशी विचारलं जातं, तेच या सदराच्या पत्रांतही येतं. निम्मी पत्रं 'कुणीतरी सांगितलं की' अशीच सुरू होतात, म्हणून आधी एक खुलासा. दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यातली कलमं फॉरवर्ड करून इथल्या काउंटरवर वाद घालू नका. आपल्याकडे खासगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ साली त्याचे नियम सुधारले, तेव्हापासून रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आत शिरताना ते वाचा.

प्रश्न : भावाच्या बिलातले काही पैसे भरायचे राहिलेत. 'पूर्ण भरल्याशिवाय पेशंट सोडणार नाही' असं बिलिंगवाले म्हणतात. असं अडवता येतं का? (नांदेड)

उत्तर : नाही. थकलेलं बिल हे येणं आहे आणि ते वसूल करायचे कायदेशीर मार्ग रुग्णालयाकडे आहेत. त्यासाठी माणूस किंवा मृतदेह अडकवून ठेवता येत नाही. पण म्हणून बिल माफ झालं असंही समजू नका. तपशीलवार बिल मागा, किती बाकी आहे आणि ते कधी देणार हे लेखी द्या, पोच घ्या. रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल तर आधी तिथे जा, बरेच पेच तिथेच सुटतात. तरीही सोडत नसतील तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात तक्रार करा. पोलिसांनाही कळवता येतं.

प्रश्न : औषधं रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घ्यावी लागतात का? (ठाणे)

उत्तर : नाही, परवाना असलेल्या कुठल्याही दुकानातून घ्या. मात्र बिल ठेवा, आणि बाहेरून आणलेलं औषध नर्सला दाखवल्याशिवाय परस्पर देऊ नका.

प्रश्न : अपघातात जखमी झालेल्याला आम्ही खासगी रुग्णालयात नेलं. 'पोलीस केस आहे, सरकारीत न्या' म्हणून परत पाठवलं. हे बरोबर आहे का? (अहिल्यानगर)

उत्तर : चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं की आधी जीव वाचवायचा, पोलिसी सोपस्कार नंतर. ही जबाबदारी सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांची आहे. मात्र 'चोवीस तास सगळं फुकट' हा जो मेसेज फिरतोय, त्यावर विसंबू नका. तातडीचे प्राथमिक उपचार करून प्रकृती स्थिर करणं हे रुग्णालयाचं कर्तव्य आहे. पुढचा सगळा इलाज मोफत होईल असा त्याचा अर्थ नाही.

प्रश्न : सासूबाईंना गर्भाशयाचा कर्करोग निघालाय. त्या खचतील म्हणून 'साधी गाठ आहे, काढून टाकू' एवढंच सांगितलंय. ऑपरेशनच्या फॉर्मवर माझ्या मिस्टरांनी सही केली तर चालेल ना? सगळे तसंच करतात म्हणे. घरचे सगळे व्यवहार आजही सासूबाईच बघतात, त्यामुळे त्या शंभर प्रश्न विचारतील. (सातारा)

उत्तर : चालणार नाही. तुम्ही काळजीपोटी विचारताय हे मला कळतं, तरीही ठामपणे सांगते. ज्या बाई घरचे व्यवहार बघतात, त्या स्वतःच्या ऑपरेशनचा निर्णयही घेऊ शकतात. शंभर प्रश्न विचारतील तर विचारू द्या. ते विचारण्याचा हक्क त्यांचाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली खटल्याचा निकाल प्रत्येक घराला माहीत असायला हवा. चव्वेचाळीस वर्षांच्या या बाईंनी दुर्बिणीतून तपासणी करण्यापुरती संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयाने म्हटलं की रुग्ण सज्ञान आणि सक्षम आहे, जिवावरचा तातडीचा प्रसंग नाही, तर आईची संमती ही संमतीच नव्हे. तपासणीची परवानगी म्हणजे उपचारांची परवानगी नव्हे, हेही स्पष्ट केलं. काय करणार, त्यातून काय साधणार, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, एवढं रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. नातेवाइकाच्या सहीला जागा आहे ती रुग्ण बेशुद्ध असेल, अल्पवयीन असेल किंवा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा. नातेवाईक हजर नाही आणि जीव धोक्यात आहे, तर सहीसाठी डॉक्टरांनी थांबायचं नसतं.

प्रत्यक्षात काय चालतं ते मी बघते. काउंटरवर इंग्रजी फॉर्मचा गठ्ठा सरकवला जातो. पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या मारलेल्या असतात, 'इथे, इथे आणि इथे.' शस्त्रक्रियेचं नाव लिहायची रेघ रिकामी, सर्जनच्या नावाची रेघही रिकामी. मुलगा एका हातात मोबाइल धरून सह्या करतो, आणि ज्यांचं पोट उघडायचंय त्या बाई दोन हातांवर व्हीलचेअरमध्ये चष्म्याची डबी मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. याने कुटुंबाचं रडणं टळतं आणि रुग्णालयाचा वेळ वाचतो, म्हणून दोघांनाही ते सोयीचं पडतं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. रिकाम्या जागा असलेल्या फॉर्मवर कुणीही सही करू नये, रुग्णानेही नाही. मराठीत फॉर्म मागा. नसेल तर तो वाचून दाखवायला सांगा आणि कुणी वाचून दाखवला ते त्यावर लिहून घ्या.

राहिला प्रश्न खचण्याचा. सासूबाईंना कळणार नाही असं तुम्ही धरून चाललाय. वॉर्डाच्या दारावर काय लिहिलंय ते त्या वाचतील. शेजारच्या खाटेवरची बाई 'तुमची कितवी केमो?' असं सहज विचारेल. तिच्याकडून कळण्यापेक्षा मुलाकडून कळलेलं बरं. त्यांनी स्वतः 'मला काही सांगू नका, मुलाशी बोला' असं म्हटलं, तर तोही त्यांचा हक्क आहे. पण ते त्यांनी म्हणायला हवं, तुम्ही ठरवायचं नाही. ऑपरेशनच्या तारखेआधी सर्जनकडे फक्त बोलण्यासाठी वेगळी वेळ मागा. समुपदेशक असतील तर त्यांना बरोबर घ्या. सासूबाईंना दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर रिपोर्टच्या प्रती घेऊन जा. त्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

प्रश्न : वडिलांच्या अँजिओप्लास्टीत निष्काळजीपणा झाला असं आम्हाला वाटतं. तीन वर्षं होत आली. आता फाइल मागितली तर देतील का? (कोल्हापूर)

उत्तर : इतके दिवस का थांबलात? रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्यात असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. पण नोंदी जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचंच आहे. ग्राहक आयोगात दाद मागायची मुदत दोन वर्षं आहे. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो, पण ती खात्री कुणी देऊ नये. आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. स्टेंटचं, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीचं नाव, बॅच नंबर आणि किंमत बिलात वेगळी दाखवलेली आहे का ते पाहा. स्टेंटच्या कमाल किमती सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून बांधून दिल्या आहेत. निष्काळजीपणा झाला की नाही हे मी तुमच्या पत्रावरून सांगू शकत नाही आणि तुमचे शेजारीही सांगू शकत नाहीत. कागद घेऊन एका हृदयरोगतज्ज्ञाला आणि एका वकिलाला भेटा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

प्रश्न : धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठीची खाट मिळवून देतो म्हणून एकजण पाच हजार मागतोय. द्यावेत का? (पुणे)

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही. 'खाट शिल्लक नाही' असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. आजारी माणसाच्या घरच्यांकडून हे पैसे उकळणारी माणसं रुग्णालयांच्या दारातच उभी असतात. त्या माणसाची पोलिसांत तक्रार करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, तेही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. तिथेही दलाल लागत नाही.

प्रश्न : सकाळी डिस्चार्ज सांगितला, विमा कंपनीची मंजुरी रात्री आली, खोलीचं एक दिवसाचं भाडं वाढलं. ते आम्ही का भरायचं? (नाशिक)

उत्तर : विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाने विनंती पाठवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि त्यापुढच्या उशिराचा वाढीव खर्च विमा कंपनीने सोसायचा असतो. विनंती किती वाजता गेली ते रुग्णालयाकडून लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार कक्षाला पाठवा. उशीर पुष्कळदा रुग्णालयाच्या बिलिंगमध्येच झालेला असतो, म्हणून वेळ आधी तपासा.

प्रश्न : डॉक्टर नीट उत्तरं देत नव्हते म्हणून आमच्या पोरांनी जरा आवाज चढवला आणि केबिनची काच फुटली. आता गुन्हा दाखल झालाय. (बीड)

उत्तर : व्हायलाच हवा. डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१० चा वेगळा कायदा आहे, त्यात यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि नुकसानीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. वकील गाठा. उत्तरं मिळत नसतील तर घरातल्या एकाच माणसाने रोज ठरलेल्या वेळी डॉक्टरांशी बोलावं आणि प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

प्रश्न : वडिलांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती करायचंय. त्यांची काढ्याची बाटली आणि हृदयाच्या गोळ्या सुरू आहेत. काढ्याचं सांगितलं तर डॉक्टर रागावतील, नाही सांगितलं तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : रागावू देत. सांगायचंच. आपल्याबद्दलची खरी माहिती देणं ही रुग्णाची पहिली जबाबदारी आहे. हृदयाच्या गोळ्यांत रक्त पातळ करणारी गोळी असू शकते आणि ऑपरेशनआधी ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतात. तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका, तेही तितकंच धोक्याचं आहे. गोळ्यांची नावं आठवून सांगत बसू नका. सगळ्या स्ट्रिप्स, काढ्याची बाटली, जुने ईसीजी आणि कशाची ॲलर्जी असेल तर त्याचा कागद एका पिशवीत भरा आणि भूलतज्ज्ञांच्या तपासणीला ती पिशवी घेऊन जा. तंबाखू किंवा दारू असेल तर तेही सांगा. वडिलांना तुमच्यासमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा.